सहलीचा जमाखर्च

प्रवासाला निघताना आपण कपड्यांची, औषधांची आणि खाऊची यादी करतो. पैशांची यादी मात्र पुष्कळदा मनातच राहते. परदेशात तर नाणे वेगळे, भाव वेगळे आणि ओळखीचा दुकानदारही नाही. अशा वेळी हिशेबाची एक साधी वही किती उपयोगी पडते, ते या पाठात सांगितले आहे.

विद्यार्थिमित्रांनो, हिंदी महासागरात मॉरिशस नावाचे एक लहानसे बेट आहे. ते मुंबईहून विमानाने सुमारे सहा-सात तासांच्या अंतरावर आहे. निळे पाणी, पांढरी वाळू आणि किनाऱ्यावर सुरूची झाडे, असे तेथील दृश्य असते. आपल्याकडील कोकणची आठवण व्हावी असाच हा देश आहे. हा देश १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाला आणि १९९२ मध्ये प्रजासत्ताक बनला.

या देशाशी आपले जुने नाते आहे. १८३४ सालापासून उसाच्या मळ्यांत काम करण्यासाठी हिंदुस्थानातून हजारो मजूर तेथे गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातील मराठी लोकही होते. आज तेथील शाळांत हिंदी, तमिळ, तेलुगू यांच्याबरोबर उर्दू आणि मराठी या भाषाही शिकवल्या जातात. तेथील दोनशे रुपयांच्या नोटेवर सर अब्दुल रझाक मोहम्मद या नेत्याचे चित्र आहे. त्यांचा जन्म कोलकात्याचा.

मॉरिशसच्या नाण्यालाही रुपया असेच म्हणतात. येथेच नवा प्रवासी फसतो. नाव एक असले तरी मोल एक नाही. मॉरिशसचा एक रुपया आपल्या एका रुपयापेक्षा महाग आहे. हा दर रोज थोडाफार बदलतो, म्हणून निघण्यापूर्वी तो बँकेत विचारावा. या पाठात हिशेब सोपा व्हावा म्हणून आपण असे धरू, की मॉरिशसचा एक रुपया म्हणजे आपले दोन रुपये.

आता समजा, भिवंडीतील एक कुटुंब मे महिन्याच्या सुट्टीत मॉरिशसला जाणार आहे. घरात अब्बा, अम्मी, नववीत शिकणारी मुलगी आणि सातवीत शिकणारा मुलगा अशी चार माणसे आहेत. विमानाची तिकिटे आणि पाच रात्रींचा मुक्काम यांचे पैसे भरून झाले आहेत. रोजच्या खर्चासाठी अब्बांनी पन्नास हजार रुपये वेगळे ठेवले आहेत. ही दोन वर्षांची बचत आहे. सुट्टी संपली की जूनमध्ये शाळेची फी, वह्या आणि पुस्तके यांचा खर्च उभाच आहे. त्यामुळे या रकमेपेक्षा एक रुपयाही जास्त खर्च करता येणार नाही.

अब्बांनी मुलीच्या हाती एक कोरी वही दिली आणि म्हटले, “बेटा, या वेळी खजिनदार तू.”

मुलीने पहिल्या पानावर एका दिवसाचा अंदाज लिहिला. सर्व आकडे मॉरिशसच्या रुपयांत होते.

सकाळचा नाश्ता : ४००
दुपारचे जेवण : ८००
रात्रीचे जेवण : १,२००
पाणी, चहा आणि फळे : ३००
बसभाडे : ५००
किरकोळ खर्च : ३००
एकूण : ३,५००

सहा दिवसांचे झाले २१,००० रुपये. मुलाला होडीतून जवळच्या बेटावर जायचे होते. त्यासाठी चौघांचे ४,००० रुपये धरले. बेरीज २५,००० झाली. अम्मी म्हणाली, “अडीअडचणीसाठी काही ठेवशील की नाही?” मुलीने दहा टक्के, म्हणजे २,५०० रुपये राखीव ठेवले. आता एकूण २७,५०० रुपये झाले. त्याचे आपले ५५,००० रुपये होतात. म्हणजे पाच हजार रुपये कमी पडत होते!

मुलगा लगेच म्हणाला, “आपा, ते राखीव पैसे काढून टाक ना! २५,००० चे बरोबर पन्नास हजार होतात. हिशेब जुळला!”

हिशेब खरोखरच जुळत होता. मुलगी क्षणभर थांबली. मग तिने अब्बांकडे पाहिले.

अब्बा म्हणाले, “आकडे जुळले, पण काम जुळले नाही. ओळखीच्या गावात पैसे संपले, तर शेजारी देईल. परक्या देशात कोणाकडे हात पसरायचा? राखीव पैसे हे खर्चाचे पैसे नव्हेत. कात्री लावायची तर खर्चाला लावा, आधाराला नको.”

तेव्हा सर्वांनी मिळून वही पुन्हा पाहिली. सर्वांत मोठा आकडा रात्रीच्या जेवणाचा होता. अम्मी म्हणाली, “रोज रात्री मोठ्या उपाहारगृहात कशाला बसायचे? चार रात्री बाजारातून काही आणू आणि खोलीवर जेवू. सहाशे रुपये पुरतील.” चार रात्रींचे प्रत्येकी ६०० रुपये वाचले, म्हणजे २,४०० रुपये कमी झाले. आता खर्च २२,६०० रुपये आणि त्यावर दहा टक्के राखीव २,२६० रुपये. एकूण २४,८६० रुपये झाले. आपल्या रुपयांत ४९,७२०. होडीची सफरही राहिली आणि राखीव रक्कमही राहिली.

आता या कुटुंबाने पैसे कसे वाचवले, ते पाहू.

मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. म्हणून आपल्याकडे उन्हाळा असतो, तेव्हा तेथे थंडी सुरू होत असते. मे महिन्यात हवा आल्हाददायक असते. डिसेंबर आणि जानेवारीत प्रवाशांची गर्दी होते व मुक्कामाचे भाव चढतात. योग्य महिना निवडणे हीसुद्धा बचतच आहे.

समुद्रकिनाऱ्यावर जाण्यासाठी तेथे तिकीट लागत नाही. पश्चिमेकडील फ्लिक आँ फ्लाकसारखे सार्वजनिक किनारे सर्वांना खुले आहेत. तेथे बसने जाता येते. बसमध्ये वाहक रोख पैसे घेऊन तिकीट देतो, म्हणून जवळ सुटे पैसे असावेत. संध्याकाळनंतर बसगाड्या कमी होतात. परतीची बस चुकली, तर टॅक्सी करावी लागते आणि दिवसभराची बचत एका फेरीत जाते. टॅक्सीत बसण्यापूर्वी भाडे ठरवून घ्यावे.

खाण्याच्या बाबतीत गाड्यांवर आणि बाजारात स्वस्त व चविष्ट पदार्थ मिळतात. डाळपुरी हा तेथील लोकांचा आवडता पदार्थ. आपल्या पुरणपोळीप्रमाणे तिच्यातही शिजवलेली डाळ भरतात. पण ती गोड नसते. तिच्याबरोबर घेवड्याची भाजी आणि चटणी देतात. परोठ्याला तेथे फराटा म्हणतात. बिर्याणीही सगळीकडे मिळते. आपल्या फालुद्याचा तेथे आलूदा झाला आहे! हलाल मांस शोधायलाही फार फिरावे लागत नाही. पाण्याची लहान बाटली वारंवार घेण्यापेक्षा मोठी बाटली घेऊन घरच्या बाटलीत भरावी.

उपाहारगृहात जेवताना दरपत्रक नीट वाचावे. तेथे वस्तूंवर व सेवांवर पंधरा टक्के कर आहे. दरपत्रकातील भावात तो धरला नसेल, तर ६०० रुपयांच्या जेवणावर ९० रुपये वाढतात आणि बिल ६९० रुपयांचे होते. मुक्कामाच्या ठिकाणी दर रात्रीचा पर्यटक कर वेगळा घेतात का, तेही आधी विचारावे.

सर्व पैसे एकाच खिशात ठेवू नयेत. थोडे रोख आणि थोडे कार्डावर असावेत. फेब्रुवारी २०२४ पासून भारतातील यूपीआय आणि रुपे कार्ड यांची सोय मॉरिशसमध्ये सुरू झाली आहे. तरीही बसमध्ये आणि गाडीवर रोख पैसेच उपयोगी पडतात. पैसे बदलून घेताना दर विचारावा आणि दलाली किती, हेही विचारावे. परदेशी नाणी परत आल्यावर सहसा बदलून मिळत नाहीत, म्हणून ती शेवटच्या दिवशी खर्चून टाकावीत.

काही वस्तू घरूनच न्याव्यात. तेथे विजेच्या जोडणीला बहुधा तीन चौकोनी पिना लागतात. त्यासाठी लागणारा जोड इथूनच न्यावा. उन्हाची टोपी, छत्री, नेहमीची औषधे आणि पाण्यात घालायची पादत्राणे घ्यावीत. किनाऱ्यावर घाईने घेतलेली वस्तू महाग पडते.

पहिल्याच दिवशी मुलाला एक टोपी आवडली. तिची किंमत ३५० रुपये होती. तो म्हणाला, “अवघे साडेतीनशे!” बहीण हसून म्हणाली, “दुप्पट कर.” सातशे रुपये ऐकताच मुलाने टोपी हळूच जागेवर ठेवली. त्याची टोपी पिशवीतच होती.

तिसऱ्या दिवशी मात्र वेगळेच घडले. पादत्राणे न घालता मुलगा पाण्यात उतरला. पाण्याखालच्या धारदार प्रवाळाने त्याचा पाय कापला. रक्त थांबेना. त्याला टॅक्सीने दवाखान्यात न्यावे लागले. टॅक्सीचे ७०० आणि मलमपट्टी व औषधांचे १,२०० असे १,९०० रुपये लागले. अम्मी घाबरली होती. पण पैसे कोठून आणायचे, हा प्रश्न कोणालाही पडला नाही. मुलीने वहीत लिहिले : राखीव २,२६०, खर्च १,९००, बाकी ३६०.

रात्री मुलगा वही पाहत बसला होता. तो म्हणाला, “आपा, मी हीच रक्कम काढायला सांगत होतो ना?” बहीण काही बोलली नाही. तिने फक्त दुसऱ्या दिवसाचे पान उघडले.

मित्रांनो, मॉरिशसला गेलेल्या पहिल्या मजुरांना महिन्याला पाच रुपये पगार ठरलेला असे. एक दिवस खाडा झाला, तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. अशा कष्टाच्या कमाईतूनही काहींनी पैसा पैसा शिल्लक टाकला आणि पुढे जमिनीचे तुकडे विकत घेतले. पोर्ट लुई बंदरात ते मजूर ज्या ठिकाणी उतरत, तो आप्रवासी घाट आज जागतिक वारसा म्हणून जपला आहे. रुपयाची खरी किंमत त्यांना ठाऊक होती.

काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे. कंजूष माणूस गरजेलाही पैसे देत नाही. काटकसरी माणूस नको तेथे हात आखडतो आणि हवे तेथे मोकळा करतो. खर्च, हिशेब, जमा, बाकी, रक्कम, किंमत हे शब्द तुम्ही उर्दूत रोज वापरता. तेच शब्द मराठीतही आहेत. शब्द ओळखीचे आहेतच. आता सवयही ओळखीची करून घ्या. सहल मॉरिशसची असो वा अलिबागची, निघण्यापूर्वी वहीचे पहिले पान लिहा.

शब्दार्थ

जमाखर्च – आलेल्या आणि गेलेल्या पैशांचा हिशेब
खजिनदार – पैसे सांभाळणारा, खजांची
राखीव – वेगळे काढून ठेवलेले
किरकोळ – लहानसहान
काटकसर – जपून खर्च करणे, किफायत
दलाली – व्यवहार करून देण्याबद्दल घेतलेले पैसे
खाडा – कामावर गैरहजर राहणे
प्रवाळ – समुद्रातील पोवळे, मूंगा
हात आखडणे – खर्च कमी करणे
हात पसरणे – मदत मागणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मॉरिशस प्रजासत्ताक केव्हा बनले?
(आ) अब्बांनी रोजच्या खर्चासाठी किती रुपये ठेवले होते?
(इ) मुलाने कोणती रक्कम काढून टाकायला सांगितली?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) “आकडे जुळले, पण काम जुळले नाही,” असे अब्बा का म्हणाले?
(आ) काटकसर आणि कंजूषपणा यांत कोणता फरक आहे?

प्र. ३. हिशेब करा.
मॉरिशसचा एक रुपया म्हणजे आपले दोन रुपये धरा. जेवणाचे बिल ८०० रुपये असून त्यावर पंधरा टक्के कर आहे. एकूण बिल किती? आपल्या रुपयांत ते किती होईल?

प्र. ४. वाक्यांत उपयोग करा.
हात पसरणे, शिल्लक टाकणे, कात्री लावणे.

उपक्रम : तुमच्या कुटुंबाच्या एका दिवसाच्या सहलीचा अंदाजे खर्च वहीत लिहा. दहा टक्के रक्कम राखीव ठेवा. घरातील मोठ्या माणसांना तो वाचून दाखवा आणि त्यांनी सुचवलेले बदल शेजारी लिहा.