दाराचा उजेड आणि मापट्यातला शाळू

प्रश्न : शाळेत असताना इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला स्थिरचित्र आवडीनं काढायचे. आता घरातल्याच वस्तू मांडून मोबाईलवर फोटो काढते. पितळी तांब्या, लिंबं, झेंडूची फुलं असं सगळं करून पाहिलं. पण फोटो भांड्यांच्या दुकानाच्या जाहिरातीसारखे दिसतात. त्यांत कल्पकता कशी आणायची? चांगला कॅमेरा आणि लाइट घ्यावेच लागतील का?
– एक वाचक, सुपे (ता. बारामती)

उत्तर : काहीही विकत घेऊ नका. परीक्षेत मांडणी दुसऱ्या कुणीतरी केलेली असते, आपण ती फक्त उतरवतो. फोटोत मांडणी हेच निम्म्याहून अधिक काम, आणि ती वस्तूंपासून नव्हे, उजेडापासून सुरू होते. तुम्ही आधी तांब्या ठेवता आणि मग ट्यूब लावता. तिथंच जाहिरात तयार होते.

घरातले सगळे दिवे बंद करा. एकच दार किंवा खिडकी उघडी ठेवा आणि वस्तू तिच्या बाजूला ठेवा, समोर नको. उजेड एका कुशीवरून आला की दुसऱ्या कुशीवर सावली पडते आणि वस्तूला गोलाई येते. उंबऱ्याजवळ ही सावली गडद असते. वस्तू आत सरकवत गेलात की ती निवळत जाते. सावली फारच काळी वाटली तर त्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा. ऊन थेट येत असेल तर दारावर धुवट धोतर ताणून बांधा. उत्तरेची खिडकी असेल तर तुम्ही भाग्यवान. थंडीत तिच्यातून उन्हाची तिरीपही आत येत नाही, दिवसभर मऊ उजेड मिळतो. मे ते जुलै मात्र सावध राहा. आपल्याकडे मेच्या मध्याला सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि पुढं जुलैअखेरपर्यंत उत्तरेकडे झुकलेला असतो. तेव्हा त्याच खिडकीत ऊन येतं.

मागं काय ठेवायचं? काळी घोंगडी. लोकर उजेड पिऊन टाकते, मागची भिंत, कॅलेंडर, खुंटीवरची पिशवी सगळं नाहीसं होतं. माझ्या मते कल्पकतेचा मोठा भाग म्हणजे काय दाखवायचं नाही हे ठरवणं.

मांडलेल्या वस्तूंचे फोटो फोटोग्राफीच्या अगदी सुरुवातीच्या काळापासून निघत आले आहेत. फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेल्या लुई दागेर यांनी १८३७ साली आपल्या स्टुडिओतल्या कोपऱ्यातल्या प्लास्टरच्या मूर्तींचा फोटो घेतला. त्या काळी फोटो उमटायला बराच वेळ लागे. माणूस तेवढा वेळ स्तब्ध बसणं कठीण, मूर्ती हलत नाहीत. तुम्हाला अधिक उपयोगी उदाहरण एडवर्ड वेस्टन या अमेरिकन फोटोग्राफरचं. १९३० साली त्यांनी एक वेडीवाकडी ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून फोटो काढला. नरसाळ्याच्या गोल पत्र्यावरून उजेड मिरचीभोवती फिरला, आणि ती पाहणाऱ्याला एकमेकांना बिलगलेल्या माणसांच्या पाठी आठवतात. तेलाचं नरसाळं तुमच्या घरात असेलच. मिरची मात्र बाजारातून निवडून आणा, जितकी वाकडी तितकी चांगली.

आता आकारमानाचा खेळ. मापटंभर शाळू घोंगडीवर ओता. मोबाईल उलटा धरा, म्हणजे लेन्स खाली जमिनीलगत येईल. दाण्याच्या उंचीवरून पाहिलं की ढिगाची टेकडी होते. तिच्यावर मातीचा बैल उभा करा. तो किती लहान आहे हे कुणाला कळणार नाही. तव्याची काजळी धरलेली बाजू वर करा, बारीक चाळणीनं चिमूटभर पीठ भुरभुरवा, उजेड अगदी आडवा येऊ द्या. मोबाईल वरून धरलात की तारांगण मिळेल. काचेच्या सरळ ग्लासात पाणी भरून मागं वीतभर अंतरावर खणाचं कापड टांगा. ग्लास भिंगाचं काम करतो आणि त्यातून कापडाचा काठ उलट्या बाजूला दिसतो. हे तिन्ही करून झाल्यावर तुम्हालाच पुढचं सुचेल, मी सांगत बसत नाही.

पितळेची एक अडचण आहे. चिंचेनं घासलेल्या तांब्यात फोटो काढणारीच दिसते. गडद कपडे घाला, थोडं मागं सरका, झूम दुप्पट करा. दुप्पट झूमचा आणखी एक फायदा असा की मोबाईल फार जवळ नेल्यावर वस्तूचं तोंड फुगतं, ते टळतं. मला विचाराल तर तांब्या घासूच नका. काळवंडलेला, पोचे पडलेला जास्त बोलका. आणि झेंडू दिवाळीसाठी राखून ठेवा.

बहुतेक फोनमध्ये पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस पक्का होतो. मग बोट खाली ओढलं की फोटो गडद होतो. घोंगडी पाहून फोन जास्तच उजेड घेतो, म्हणून ही युक्ती लागतेच. फोन डब्याला टेकवून टायमर लावा, हात हलायला नको.

पुण्याला जाणं झालं तर शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय अवश्य पाहा. अडकित्ते, दिवे, भांडी असल्या घरगुती वस्तू दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवल्या आणि १९७५ साली तो संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. तिथून आल्यावर माळ्यावरचं सामान खाली काढावंसं वाटेल.

शेवटचं सांगायचं तर लेन्स आधी पुसा. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या फोनवर तेलाची बोटं उमटलेली असतात आणि बरेचसे धुरकट फोटो जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानंच सुधारतात.