स्थौल्यचिकित्सेत कटिमापनाचे महत्त्व : संप्रेरके, आहार व व्यायाम यांचा विचार

प्रास्ताविक

स्थौल्याचा रुग्ण बहुधा औषधाचे नाव सोबत घेऊनच चिकित्सालयात येतो. शेजारणीला मेदोहर गुग्गुळाने गुण आला, तोच आपल्यालाही मिळावा, अशी त्याची मागणी असते. आपणही त्याला वजनकाट्यावर उभे करतो, आकडा टिपतो आणि कल्प लिहून देतो. काही वर्षांपूर्वी आम्हीही असेच करीत होतो. चाळिशीतील एका गृहस्थांचे वजन आमच्या चिकित्सेने तीन महिन्यांत पाच किलोंनी उतरले. ते समाधानी होते, आम्हीही होतो. वर्षभराने ते मधुमेही होऊन परत आले. जुना केसपेपर काढला, तेव्हा प्रत्येक भेटीचे वजन लिहिलेले आढळले. कंबरेचे माप एकदाही नव्हते, रक्तशर्कराही तपासलेली नव्हती. त्यांनी जेवण तोडले होते, व्यायाम केलाच नव्हता. उतरलेल्या पाच किलोंत मेद किती आणि मांस किती, हे सांगण्यास आमच्यापाशी काहीही आधार नव्हता. प्रस्तुत लेखाचे निमित्त ही आमची चूक आहे.

मेदाचे स्थान

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पाचव्या अध्यायात मेदोवह स्रोतसांची मुळे वृक्क व वपावहन ही सांगितली, तर सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात कटी व वृक्क. वपावहन म्हणजे उदरातील आंत्रांवर पसरलेला मेदाचा पडदा, असा अर्थ अनेक विवेचक घेतात. तो मानल्यास दोन्ही संहिता आपले लक्ष कंबरेच्या परिघाकडेच वेधतात.

आधुनिक शास्त्रही त्वचेखालील मेद व आंत्रांभोवतीचा मेद यांत भेद करते. मांड्या व नितंबांवरील मेद तुलनेने निरुपद्रवी असतो. आंत्रांभोवतीच्या मेदातून सुटणारी स्निग्धाम्ले मात्र प्रतिहारिणी सिरेवाटे थेट यकृतात पोहोचतात आणि इन्शुलिनचे कार्य मंदावण्यास हातभार लावतात.

या संदर्भात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दिलेले उदाहरण प्रत्येक वैद्याने लक्षात ठेवावे. ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन यडकिन या दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३ असा एकच होता. परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण यडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के भरले. वजनकाट्यावर सारखे ठरणारे दोन देह आतून किती भिन्न असू शकतात, हे यावरून कळते.

म्हणून भारतीय पुरुषात ९० सें.मी. व स्त्रीत ८० सें.मी. ही कंबरेची मर्यादा मानावी. शेवटची बरगडी व कटीचे हाड यांच्या मध्यावर, सहज श्वास सोडल्यावर, टेप न आवळता माप घ्यावे.

संप्रेरकांचा प्रभाव

इन्शुलिन मेद साठविण्यास साहाय्य करते व साठलेला मेद सुटू देत नाही. दिवसभर थोडे थोडे गोड खाणाऱ्याच्या शरीरात हे कार्य दीर्घकाळ चालू राहते. कॉर्टिसॉल वाढल्यास मेद मुख, मान व उदर यांकडे वळतो आणि हातपाय कृश होतात. इस्ट्रोजेनमुळे स्त्रियांचा मेद मांड्या-नितंबांवर राहतो. रजोनिवृत्तीनंतर तो उदराकडे सरकतो. थायरॉइडच्या मंदत्वाने वजन वाढते, पण त्यातील बराच भाग जल व लवणाच्या संचयाचा असतो.

१९९४ मध्ये शोध लागलेले लेप्टिन हे मेदपेशींतूनच स्रवते आणि मेंदूला तृप्तीचा संदेश देते. स्थूल व्यक्तीत ते पुष्कळ असते, परंतु मेंदू त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही. त्यामुळे भूक शमत नाही. चरकाचार्यांनी अतिस्थूलाच्या आठ दोषांत अतिक्षुधा गणली आहे. मेदाने मार्ग आवृत झाल्यावर वायू कोष्ठात संचार करून अग्नीला प्रदीप्त करतो, अशी तिची संप्राप्ती त्यांनी दिली. दोन्ही परिभाषा भिन्न आहेत, त्या एकमेकींवर लादू नयेत. पण व्यवहारातील बोध एकच आहे : स्थूलाची भूक हा व्याधीचा भाग आहे, केवळ जिभेचा दोष नव्हे. त्याला खादाड म्हणून हिणवणाऱ्या वैद्याकडे तो पुन्हा येत नाही.

आहार

अशा रुग्णास उपाशी ठेवले तर प्रदीप्त अग्नी व वायू त्याला पीडा देतात, पोसले तर मेद वाढतो. म्हणून पचण्यास गुरू परंतु अपतर्पण करणारा आहार सांगितला आहे. जव, वरी, कुळीथ, मूग, पडवळ, आवळा, ताक ही द्रव्ये आपल्या स्वयंपाकघरातलीच आहेत. कुळथाचे पिठले, ज्वारीची भाकरी व पालेभाजी यांनी पोट भरते आणि शर्करा हळूहळू चढते. उलट दिवसाचे चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर व १६० कॅलरी झाल्या. रुग्ण त्यांना आहारात धरतच नाही. उपवासाचे म्हणाल तर साबुदाणा, बटाटा व शेंगदाणे यांनी ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हणच खरी होते. मध शास्त्रोक्त असला तरी त्यात शर्करा आहे. मधुमेह्यास तो सरसकट सांगू नये.

व्यायाम व निद्रा

व्यायामाच्या वेळी स्नायू इन्शुलिनवाचूनही शर्करा आत ओढून घेतात, हा त्याचा मोठा लाभ होय. अर्धा तास भरभर चालण्याने साधारण १५० कॅलरीच खर्च होतात. म्हणून केवळ चालण्याने वजन फारसे उतरत नाही. तरीही उदरातील मेद कमी होऊ शकतो, मांसाचे रक्षण होते. आरंभ अर्धशक्तीनेच करावा : कपाळावर घाम व मुखशोष दिसताच थांबावे. बैठका, जोर यांची भर क्रमाने घालावी.

संहितेत स्थूलास प्रजागर सांगितला आहे, त्याचा अर्थ आम्ही दिवास्वाप व अतिनिद्रा टाळणे एवढाच घेतो. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, हे आता प्रयोगांनी दिसले आहे. रात्रपाळीच्या कामगारास आणखी जागरण सांगणे अनुचित होय.

औषधविक्रेत्या बंधूंस विनंती

थायरॉक्सिन घेणाऱ्या रुग्णास लोहयुक्त कल्प देताना दोहोंत किमान चार तासांचे अंतर सांगावे. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना आहार कमी केल्यास शर्करा एकाएकी उतरू शकते, याची जाणीव द्यावी. चेहरा गोल, पोट मोठे, हातपाय बारीक आणि सांधेदुखीसाठी बिनलेबल पुड्या चालू, असा रुग्ण दिसल्यास मेदोहर कल्प देऊ नये. त्या पुडीत स्टिरॉइड असण्याची शंका घ्यावी. पुडी मात्र एकदम बंद करावयास सांगू नये, कारण ते प्राणावर बेतू शकते. त्याला त्वरित तज्ज्ञाकडे पाठवावे.

उपसंहार

आता आमच्या केसपेपरवर वजनाशेजारी कंबरेचा रकाना आहे. वजन स्थिर राहून कंबर चार सें.मी.ने उतरली, तर आम्ही चिकित्सा योग्य मार्गावर आहे असे समजतो. वजन उतरून कंबर तशीच राहिली, तर थांबतो आणि पुन्हा प्रश्न विचारतो. वैद्यबंधू-भगिनींनी हा रकाना आपल्याही केसपेपरवर आखावा, एवढीच नम्र विनंती.