चालू संगणक अकस्मात बंद पडतो तेव्हा : कारणशोधाचा एक पाठ

आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ प्राथमिक शाळांत आता संगणक आहे. कोठे तो शासनाकडून मिळाला, कोठे गावकऱ्यांनी लोकवर्गणीतून घेऊन दिला. शाळाभेटीच्या वेळी या यंत्राविषयी एक तक्रार वरचेवर कानी पडते : "पत्रे लिहिताना ते तासन्‌तास नीट चालते, मुलांनी खेळ लावला, की मध्येच बंद पडते." पुढे खेळांना मनाई होते आणि काही दिवसांनी खोलीलाच कुलूप लागते. या बिघाडाचे कारण शिक्षकाला स्वतः कसे शोधता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे. आरंभ मात्र माझ्या स्वतःच्या एका चुकीपासून करणे योग्य होईल.

एप्रिल २०१८ मध्ये मी पाथर्डी तालुक्यातील एका शाळेस भेट दिली. शाळा सकाळची होती. चौथीतील एक मुलगा गुणाकाराचा खेळ खेळत असता संगणक एकाएकी बंद पडला. यापूर्वीही दोनदा तो याच मुलासमोर बंद पडला होता. आईवडील ऊसतोडीला गेले, की हा मुलगा आजीपाशी राहून शाळा करी. "हा काहीतरी भलतेच दाबतो," असा वर्गाचा समज झाला होता. मीही अधिक चौकशी न करता शेरेबुकात लिहून आलो : "संगणकावर खेळ खेळू देऊ नयेत." मुलगा खाली मान घालून उभा होता. त्याने काय दाबले होते, हे मी त्याला विचारलेसुद्धा नाही.

पुढच्याच आठवड्यात तेथील शिक्षकांनी एक साधी गोष्ट केली. शाळा सुटल्यावर त्यांनी तोच खेळ आपोआप चालेल अशा रीतीने लावून ठेवला व ते बाजूस बसले. कोणाचाही हात लागला नाही, तरी अठराव्या मिनिटास यंत्र बंद पडले. मुलगा निर्दोष ठरला आणि खरा शोध तेथून सुरू झाला.

यंत्र बंद का पडते?

लेखनाच्या वेळी संगणकाचा प्रोसेसर बहुतांश रिकामाच असतो. खेळात चित्रे क्षणोक्षणी नव्याने रेखाटावी लागतात. त्यामुळे प्रोसेसर व चित्रे रेखाटणारा भाग हे दोन्ही पूर्ण शक्तीने राबतात, अधिक वीज ओढतात व अधिक तापतात. सपाट रस्त्यावर गाडी ओढणारे बैल घाटात दमावेत, तसेच हे आहे. खेळ हा बिघाडाचे कारण नसून दडलेला बिघाड उघड करणारी परीक्षा होय.

कृषिपंपाचा स्टार्टर आपल्या परिचयाचा आहे. विजेचा दाब उतरला, की मोटार अधिक प्रवाह ओढते, तापू लागते आणि स्टार्टरमधील रिले पडून मोटार थांबते. रिले बांधून ठेवून मोटार रेटली, तर ती जळते. संगणकातही अशीच योजना असते. बऱ्याच प्रोसेसरांची उष्णतेची मर्यादा १०० अंश सेल्सियसच्या आसपास असते. ती जवळ आली, की प्रोसेसर प्रथम वेग कमी करतो; तेवढ्याने न भागल्यास यंत्र बंद होते. २००१ साली थॉमस पाब्स्ट यांच्या 'टॉम्स हार्डवेअर'ने चालू संगणकांतील प्रोसेसरवरचे हीटसिंक मुद्दाम काढून पाहिले. पेंटियम-४ वेग कमी करून तगला, पेंटियम-३ थांबला. त्या वेळचा अ‍ॅथलॉन मात्र जळून गेला. यावरून अकस्मात बंद पडणे हे पुष्कळदा रक्षणच असते, हे ध्यानात यावे.

लक्षणे कशी वाचावी?

पहिले लक्षण वेळेचे. यंत्र पंधरा-वीस मिनिटांनी बंद पडते, लगेच पुन्हा सुरू केल्यास पाच मिनिटांतच बंद पडते, आणि तासभर थंड होऊ दिल्यास पुन्हा पंधरा-वीस मिनिटे चालते, असे घडत असेल तर उष्णतेचा संशय घ्यावा. खेळ सुरू होताच अथवा भार वाढताक्षणी पडदा काळा होत असेल, तर पॉवर सप्लाय किंवा यूपीएसकडे पाहावे. गावातील पंप सुरू होण्याच्या वेळीच असे घडत असेल, तर विजेचा दाब व यूपीएसची जुनी बॅटरी यांचा संबंध तपासावा. केवळ खेळ मिटून संगणक चालूच राहत असेल, तर दोष बहुधा त्या खेळात आहे. निळ्या पडद्यावर मजकूर येत असेल, तर तो उतरवून घ्यावा. तेथे मेमरी किंवा एखादी प्रणाली सदोष असण्याचा संभव असतो.

विंडोज प्रणालीतील 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये अशा वेळी 'कर्नल-पॉवर', क्रमांक ४१, अशी नोंद आढळते. यंत्र रीतसर बंद झाले नाही, एवढेच ती सांगते. का, ते सांगत नाही.

तपासणीचा क्रम

प्रथम शाळेच्या महत्त्वाच्या नोंदींची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. मग एक वही घालून तीत दिनांक, वेळ, चालू असलेले काम, किती मिनिटांनी बंद पडले आणि काय बदल केला, हे रकाने आखावेत. प्रत्येक चाचणी साधारण एकाच वेळी, यंत्र थंड असताना घ्यावी. कारण सकाळची व भर दुपारची पत्र्याची खोली सारखी नसते. सर्वांत महत्त्वाचा नियम हा, की एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले, तर गुण कशाचा आला हे कळत नाही.

बंद पडताच यंत्र सुरू करून बायोसमध्ये जावे. तेथे प्रोसेसरचे तापमान बहुधा दिसते. नंतर पेटी भिंतीपासून वीतभर दूर, मोकळ्या हवेत ठेवून पाहावे. तेवढ्याने न भागल्यास धूळ काढावी. प्लग काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून, मऊ ब्रशने व हवेच्या झोताने हीटसिंकच्या फटी स्वच्छ कराव्यात. पंखा फिरत नसेल, तर तो बदलावा. त्यानंतर चालू स्थितीतील यूपीएस कोठून तरी उसना आणून लावून पाहावा. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही जोडू नये. तो तापताना एकाएकी फार वीज ओढतो.

पॉवर सप्लायची डबी कोणीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात धोकादायक विद्युतभार राहतो. हमीची मुदत असल्यास पेटी उघडण्यापूर्वी विक्रेत्यास कळवावे. मुलांनी निरीक्षण व नोंद करावी. पेटीत हात फक्त शिक्षकांनी घालावा.

वरील शाळेत पेटी लाकडी टेबलाच्या बंद खणात होती. ती बाहेर काढताच यंत्र अठराऐवजी सव्वीस मिनिटे चालले. अर्थात कारण सापडले होते, परंतु पुरते नव्हे. पेटी उघडल्यावर हीटसिंकच्या फटींत खडूची व मातीची धूळ नमद्यासारखी घट्ट बसलेली आढळली. ती काढल्यावर तोच खेळ पूर्ण तासिकाभर चालला. खर्च एका ब्रशाचा झाला.

पुढील भेटीत मी शेरेबुकातील माझ्या जुन्या शेऱ्याखाली लिहिले : "वरील शेरा चुकीचा होता. खेळ चालू ठेवावेत." त्या मुलास वर्गासमोर बोलावून हे वाचून दाखविले आणि नोंदवही त्याच्याकडे सोपविली. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी धूळ काढल्याची नोंद पुढे तोच करू लागला.

शिक्षकबंधुभगिनींनो, यंत्राचा बिघाड आज ना उद्या दुरुस्त होतो. विनाकारण दोषी ठरलेले मूल मात्र यंत्रापासून दूर सरते आणि हळूहळू शाळेपासूनही. म्हणून आपल्या शाळेत संगणक बंद पडेल तेव्हा प्रथम वही उघडावी, आणि समोर बसलेल्या मुलास शांतपणे विचारावे, "काय काय घडले, ते सांग." पुष्कळदा पहिली अचूक नोंद त्याच्याच तोंडून मिळते.