तिकीट काढण्याआधी दिवस मोजा

घरात अपंगत्वाचा भत्ता घेणारं कुणी असेल, तर भारताचं तिकीट काढण्याआधी सोशल सिक्युरिटीकडून आलेलं शेवटचं पत्र शोधा आणि मिळणारे पैसे एसएसआयचे आहेत की एसएसडीआयचे, हे नक्की करून घ्या. दोन्ही भत्ते एकाच कार्यालयातून येतात, नावंही सारखीच वाटतात, पण परदेशी जाण्याचे नियम पूर्ण वेगळे आहेत. अमेरिकेत अनेक वर्षं राहिलेल्या, घरात दिव्यांग मूल किंवा मोठं माणूस असलेल्या मराठी कुटुंबांच्या बोलण्यातून हे टिपण तयार झालं आहे. त्या सगळ्यांचा भर पहिल्यांदा याच फरकावर होता.

एसएसडीआयचं आधी सांगून टाकतो, कारण ते सोपं आहे. हा पैसा नोकरीत कापल्या गेलेल्या करावर मिळतो. स्वतः काम केलेल्याला मिळतो, तसाच वयाच्या २२ वर्षांआधी अपंगत्व आलेल्या मुलालाही आई किंवा वडील निवृत्त झाल्यावर वा वारल्यावर त्यांच्या खात्यावरून मिळू शकतो. अमेरिकी नागरिकाला हे पैसे भारतात राहूनही मिळत राहतात. ग्रीन कार्डवर असाल आणि मुक्काम सलग सहा महिन्यांच्या पुढे जाणार असेल, तर पैसे थांबू शकतात. त्याला अपवाद आहेत, पण ते आपल्याला लागू होतात का, हे निघण्याआधी कार्यालयातून लेखी घ्या.

खरी अडचण एसएसआयची. हा भत्ता गरजेवर आधारलेला आहे. २०२५ मध्ये एका व्यक्तीसाठी केंद्राची कमाल रक्कम महिन्याला ९६७ डॉलर होती, काही राज्यं त्यात स्वतःची भर घालतात. मूल १८ वर्षांचं होईपर्यंत आई-वडिलांचं उत्पन्न मोजलं जातं, त्यामुळे आयटीत नोकरी करणाऱ्या बहुतेक मराठी घरांचा या भत्त्याशी पहिला संबंध मुलाच्या अठराव्या वाढदिवसानंतर येतो. एच-वन-बी किंवा एच-फोर व्हिसावर तो मिळत नाही. ग्रीन कार्डधारकाला सहसा पाच वर्षांचं वास्तव्य आणि कामाच्या ४० तिमाह्या लागतात. मूल १८च्या आत असताना आई-वडिलांनी केलेलं काम त्या मुलासाठीही धरलं जातं, हे पुष्कळांना माहीत नसतं.

एसएसआय घेणारी व्यक्ती सलग ३० दिवस अमेरिकेबाहेर राहिली, तर परत येऊन पुन्हा सलग ३० दिवस इथे राहीपर्यंत ती बाहेरच आहे असं धरलं जातं. मोजणी कशी होते, ते नीट समजून घ्या. निघाल्याचा दिवस आणि परत उतरल्याचा दिवस बाहेरचे म्हणून धरत नाहीत, मधले पूर्ण दिवस धरतात. समजा, १० जुलैला नेवार्कहून निघालात आणि ९ ऑगस्टला परत उतरलात. मधले दिवस भरले २९, काही बिघडलं नाही. तेच विमान १० ऑगस्टला उतरलं, तर मधले दिवस होतात ३०. मग ऑगस्टचा भत्ता पूर्ण जातो, आणि सप्टेंबरचाही परतल्यावरचे ३० दिवस भरल्यानंतरच्या दिवसांपुरताच मिळतो. एका दिवसाच्या फरकाने हजाराहून जास्त डॉलर जाऊ शकतात.

फेब्रुवारीचा फास वेगळा. एखादा संपूर्ण कॅलेंडर महिना बाहेर काढला, तर ३० दिवस झाले नसले तरी त्या महिन्याचा भत्ता मिळत नाही. ३१ जानेवारीला निघून १ मार्चला परतणारा माणूस २८ दिवसच बाहेर असतो, पण फेब्रुवारीचे पैसे त्याला मिळत नाहीत. लग्नसराईत जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. आणि एसएसआयच्या हिशोबात पोर्तो रिकोही अमेरिकेबाहेर धरतात, त्यामुळे परतल्यावरचे ३० दिवस भरायचे असताना तिथे सहलीला जाऊ नका.

या नियमातून सूट आहे ती परदेशात नेमणूक झालेल्या सैनिकांच्या मुलांना आणि शिक्षणासाठी तात्पुरत्या बाहेर गेलेल्या काही विद्यार्थ्यांना. भावाचं लग्न, पुतणीचं बारसं, आजीचं आजारपण त्यात बसत नाही. म्हणून अनुभवी कुटुंबं २९ दिवसांचं तिकीट काढतच नाहीत. २४-२५ दिवसांचं काढतात आणि उरलेले दिवस रद्द होणाऱ्या विमानासाठी, मुलाच्या तापासाठी, मुंबईच्या पावसासाठी राखून ठेवतात. गणपतीला जाणाऱ्यांनी तर ही मोकळीक ठेवलीच पाहिजे.

तरीही जास्त राहावं लागलं तर? कधी कधी राहावंच लागतं, आणि राहणं योग्यही असतं. आजोबांचे शेवटचे दिवस असतील, आणि नातवाला त्यांच्याजवळ ठेवायचं असेल, तर दोन महिन्यांच्या भत्त्यापायी त्याला घाईने परत आणू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. फक्त ते समजून-उमजून करा आणि कळवून करा. ३० दिवस किंवा त्याहून जास्त बाहेर जाणार असाल, तर निघण्याआधीच सोशल सिक्युरिटीला सांगा. मुक्काम मध्येच वाढला, तर पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवा. न कळवता खात्यात पैसे येत राहिले, तर ते जास्तीचे दिलेले पैसे म्हणून परत मागितले जातात आणि पुढची कित्येक वर्षं भत्त्यातून कापले जातात. असं पत्र आलंच, तर घाबरून गप्प बसू नका. निर्णयाविरुद्ध अपील करायला साधारण ६० दिवस असतात. आणि भत्ता सलग १२ महिने बंद राहिला, तर खातंच संपतं आणि अर्ज नव्याने करावा लागतो.

पैशांपेक्षा मोठी काळजी मेडिकेडची, म्हणजे सरकारी आरोग्यविम्याची. अनेक राज्यांत एसएसआयमुळेच मेडिकेड आपोआप मिळतं, आणि मेडिकेडमुळे थेरपी, दिवसाचा कार्यक्रम, घरी येणारी मदतनीस मिळते. प्रौढ मुलांच्या सेवांसाठी मेडिकेडच्या ‘वेव्हर’ योजनेच्या प्रतीक्षायादीत कुटुंबं वर्षानुवर्षं थांबलेली असतात. भत्ता दोन महिने थांबला, तर तो पुन्हा सुरू होतो. वेव्हरची जागा गेली, तर ती सहज परत मिळत नाही. म्हणून तिकीट काढण्याआधी केसवर्करला ई-मेल करा: इतके दिवस बाहेर असू, सेवा चालू राहण्यासाठी काय करावं? उत्तर ई-मेलवरच मागा. भारतातल्या कुठल्याही सेवेचे पैसे मेडिकेड देत नाही. आई किंवा वडील स्वतःच मोबदला घेऊन मुलाची काळजी घेत असतील, तर भारतातल्या दिवसांचे तास, केसवर्करने लेखी परवानगी दिल्याशिवाय, भरू नका. मेडिकेअरही भारतात चालत नाही. प्रवासाचा विमा वेगळा घ्या, आणि त्यात आधीपासूनचे आजार धरलेत का, ते वाचून घ्या.

औषधं सहसा एका वेळी ३० दिवसांचीच मिळतात. प्रवासासाठी लवकर भरून द्या, असं फार्मसीला दोन आठवडे आधी सांगितलं की बहुतेक वेळा सोय होते. मूळ लेबल असलेल्या बाटल्या आणि डॉक्टरांचं पत्र हाताशी असलेल्या बॅगेतच ठेवा. अ‍ॅडेरॉलसारखी काही औषधं भारतातल्या दुकानात मिळत नाहीत, त्यामुळे गावी गेल्यावर बघू, असं म्हणून चालत नाही. व्हीलचेअरची मागणी विमान कंपनीला निदान ४८ तास आधी कळवा. अमेरिकेतल्या विमानतळावर सुरक्षा तपासणीला मदत हवी असेल, तर टीएसए केअर्सला ७२ तास आधी फोन करा. गर्दी आणि आवाज सहन न होणाऱ्या मुलांसाठी ही सोय फार उपयोगाची आहे.

आता गावी पोहोचल्यावरचं. याबद्दल कुणी बोलत नाही, आणि नुकसान मात्र इथेच होतं. एसएसआय घेणाऱ्या एका व्यक्तीच्या नावावर मोजण्याजोगी मालमत्ता २,००० डॉलरपेक्षा जास्त असता कामा नये. आत्या हातात पाकीट देते, मामा बँकेत पैसे टाकतो. रोख भेट उत्पन्न म्हणून मोजली जाऊ शकते, आणि साठली की मालमत्ता म्हणून. प्रेमाने दिलेलं नाकारायचं नसतं, म्हणून नातेवाइकांना आधीच समजावून सांगा: काही द्यायचंच असेल तर भत्ता घेणाऱ्याच्या एबल अकाउंटमध्ये, म्हणजे दिव्यांगांसाठीच्या बचत खात्यात, द्या. दुसऱ्याने थेट त्या खात्यात भरलेले पैसे त्याचं उत्पन्न धरले जात नाहीत, आणि खात्यातले १,००,००० डॉलरपर्यंतचे पैसे एसएसआयच्या मर्यादेत मोजत नाहीत. जानेवारी २०२६ पासून ४६ वर्षांच्या आत अपंगत्व आलेल्यांना हे खातं उघडता येतं, आधी ही मर्यादा २६ होती.

जमिनीचं प्रकरण याहून अवघड. आजोबांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारस म्हणून नातवाचं नाव चढलं, तर ती जमीन साताऱ्यात असो की रत्नागिरीत, विकता येण्यासारखी असेल तर त्याचा वाटा त्याची मालमत्ता म्हणून मोजला जाऊ शकतो. मग काका म्हणतात, हक्कसोडपत्र करून टाकू, उद्याच दुय्यम निबंधकाकडे जाऊ. तिथे सही करू नका. मोबदला न घेता हक्क सोडला, तर मालमत्ता कमी किमतीत दिली असं धरून ३६ महिन्यांपर्यंत एसएसआय बंद होऊ शकतो. आजी-आजोबा हयात असतानाच त्यांच्याशी बोला. नातवाचा वाटा त्याच्या नावाने न देता, त्याच्यासाठी अमेरिकेत केलेल्या स्पेशल नीड्स ट्रस्टला मृत्युपत्राने देता येतो का, हे इथल्या आणि तिथल्या, दोन्ही वकिलांना विचारून ठरवा. हे बोलणं जड जातं, नातलगांना त्यात लोभ दिसतो, तरी ते टाळू नका. आई-वडील गेल्यावर त्या मुलाची थेरपी आणि घर याच कागदांवर चालणार आहे.

परत आल्यावर बोर्डिंग पास फेकू नका. अमेरिकी पासपोर्टवर परतीचा शिक्का अनेकदा मारत नाहीत, आणि पुढच्या तपासणीत तारखा विचारल्या की विमानाचे कागदच दाखवता येतात. तुमच्या गावात नव्याने आलेलं असं एखादं कुटुंब असेल, तर त्यांच्या पहिल्या भारतवारीआधी त्यांना घरी जेवायला बोलवा, आणि कॅलेंडर समोर ठेवून त्यांचे दिवस त्यांच्याबरोबर मोजा.