पुन्हा शिकलेला गोलंदाज

आपल्या शिरगावाजवळ गहुंजे गाव आहे. तेथे क्रिकेटचे मोठे मैदान आहे. सामना असला की रस्त्यावर मोटारींची रांग लागते. आज आपण एका गोलंदाजाची हकीकत वाचू.

त्याचे नाव झहीर खान. गाव श्रीरामपूर, जिल्हा पूर्वीचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. हा उसाचा मुलूख. झहीरचा जन्म १९७८ सालचा. आई शिक्षिका. मुलगा मराठी शाळेत शिकला. पुढे क्रिकेट शिकायला तो मुंबईस गेला. डाव्या हाताने वेगाने चेंडू टाकी. २००० साली तो भारताच्या संघात आला.

पण दिवस सारखे राहत नाहीत. २००३ साली विश्वचषकाचा शेवटचा सामना होता. झहीरच्या पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या. भारत हरला. पुढे दुखापतींनी त्याला गाठले. २००६ च्या सुरुवातीला त्याची संघातली जागाही गेली. आता काय करावे?

तो इंग्लंडात गेला. तेथील परगण्यांना काउंटी म्हणतात. अशा १८ काउंट्यांचे मोठे संघ आहेत. त्यांपैकी वूस्टरशायर या संघात झहीर खेळू लागला. एका हंगामात १६ सामने! आज या गावी, उद्या त्या गावी. थंडी, ढगाळ हवा, परके लोक. पण हाताला रोज काम मिळाले.

चेंडू वळतो कसा, ठाऊक आहे? त्याची एक बाजू घासून चकचकीत ठेवतात. दुसरी खडबडीत राहते. मधली शिवण नीट धरून टाकला, की चेंडू हवेत वळतो. नुसता जोर लावून भागत नाही. शेतात नांगर धरावा तसेच हे आहे बघा. जोर हवा, पण हातही बसावा लागतो.

त्या हंगामात झहीरने ७८ गडी बाद केले. एसेक्सविरुद्ध तर एकाच डावात नऊ! वर्ष संपण्याआधी तो भारताच्या संघात परत आला. २००७ साली इंग्लंडातच नॉटिंगहॅमच्या कसोटीत त्याने नऊ गडी बाद केले. भारताने ती मालिका जिंकली. इंग्लंडात असा विजय २१ वर्षांनी मिळाला होता. २०११ साली भारताने विश्वचषक जिंकला, तेव्हा झहीरचे २१ बळी होते. कसोटीत त्याने एकूण ३११ गडी बाद केले.

मंडळी, देशाकडून खेळलेला माणूस पुन्हा शिकायला गेला. मग आपण चाळिशीत पाटी हाती धरली, तर लाज कसली? कोणी हसले तर हसू द्या. उद्या सातबारा आपला आपणच वाचू.

प्रश्न :
१. काउंटी म्हणजे काय?
२. चेंडू हवेत कशामुळे वळतो?
३. तुम्ही कोणते काम पुन्हा नव्याने शिकलात? चार ओळी लिहा.