दाखला मागू नका, दाखवूही नका

अमेरिकेत कुत्रा घेऊन दुकानात आलेल्या अपंग माणसाला दुकानदार दोनच प्रश्न विचारू शकतो. हा कुत्रा अपंगत्वामुळे लागणारा सर्व्हिस डॉग आहे का? आणि त्याला काय काम शिकवलंय? बस्स. आजार कोणता, डॉक्टरांची चिठ्ठी आहे का, कुत्र्याचं सर्टिफिकेट कुठाय, ‘जरा काम करून दाखवा बघू’, यातलं काहीही विचारायची मुभा कायद्याने दिलेली नाही. समोर आंधळा माणूस उभा आहे आणि त्याच्या हातात हार्नेस घातलेला कुत्रा आहे, इतकं उघड दिसत असेल, तर ते दोन प्रश्नसुद्धा विचारायचे नसतात.

मी वकील नाही. मूळचा सांगलीचा, पोटापाण्यासाठी कॉम्प्युटरच्या धंद्यात, आणि बरीच वर्षं न्यू जर्सीत. रेटिनायटिस पिगमेंटोझाने आधी रात्रीचं दिसणं गेलं, मग कडेचं, आणि आता उजेड-अंधार कळण्यापुरतं उरलंय. पांढऱ्या काठीवर पुष्कळ निभावलं. मग मॉरिसटाऊनच्या ‘द सीईंग आय’ या संस्थेतून मर्फी मिळाला, लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हरचा संकर. संस्था १९२९ सालची. टेनेसीतला मॉरिस फ्रँक नावाचा अंध तरुण स्वित्झर्लंडला जाऊन बडी नावाची जर्मन शेफर्ड कुत्री घेऊन आला आणि १९२८ साली न्यूयॉर्कला पत्रकारांच्या डोळ्यांदेखत त्याने तिच्या जोरावर वाहता वेस्ट स्ट्रीट ओलांडून दाखवला, तिथून हे सगळं सुरू झालं. मॉरिसटाऊनच्या चौकातल्या बागेत दोघांचा पुतळा आहे. शिकायला गेलेल्यांना त्याच गावातल्या रस्त्यांवर चालवतात, त्यामुळे बडीचे कान मी हाताने चाचपून आलोय. पहिल्या कुत्र्याला संस्था १५० डॉलर घेते, फौजेतून आलेल्यांकडून एक डॉलर. म्हणजे तसं बघितलं तर फुकटच.

लोकांना वाटतं, कुत्रा सिग्नल बघून रस्ता ओलांडून देतो. कुत्र्याला सिग्नल कळत नाही. कधी निघायचं ते मी गाड्यांच्या आवाजावरून ठरवतो आणि ‘फॉरवर्ड’ म्हणतो. आडवी गाडी येत असेल तर मर्फी ऐकत नाही, जागचा हलत नाही. हुकूम कधी मोडायचा हे त्याला शिकवलेलं असतं. माझ्या कपाळाच्या उंचीवर आलेली फांदी त्याला स्वतःला आड येत नाही, तरी तो मला वळसा घालून नेतो. हार्नेसचा ताठ दांडा माझ्या डाव्या हातात असतो आणि त्याचं वळणं, थबकणं सगळं त्या दांड्यातून हाताला कळतं. त्याला बाहेर बांधून आत या म्हणणं म्हणजे डोळे बाहेर ठेवून आत या म्हणणं.

नेमकं तेच मला आपल्याच लोकांच्या एका रेस्टॉरंटमध्ये ऐकायला मिळालं. रविवार दुपार, बुफे, आतून फोडणीचा वास. काऊंटरवरचा मुलगा मराठी निघाला.

“काका, कुत्रा बाहेर बांधावा लागेल.”

“हा गाईड डॉग आहे. मला दिसत नाही.”

“ते कळलं हो, पण हेल्थवाल्यांचा नियम आहे. लोक जेवतायत इथं.” मग जरा थांबून, “सर्टिफिकेट आहे का काही? असेल तर मालकांना विचारतो.”

संस्थेचं ओळखपत्र माझ्या खिशातच होतं. बायको कानाशी लागली, “दाखवून टाका ना एकदाचं. भूक लागलीय.” मी दाखवलं नाही. आज मी कार्ड काढलं की त्या पोराच्या डोक्यात कायमचं बसणार, खऱ्या कुत्र्याबरोबर कार्ड असतं. उद्या त्याच दारात मधुमेहाची एखादी मुलगी येईल, साखर उतरायला लागली की सूचना देणारा कुत्रा तिने घरीच शिकवलेला असेल. कायद्याला ते चालतं. संस्थेतूनच शिकलेला असावा अशी अटच नाही. पण तिच्याकडे कार्ड नसेल, आणि माझ्या कार्डामुळे तिला बाहेर काढलं जाईल.

मग मालक आले. आवाज गोड, पण अडवणूक तीच. कुणाला अ‍ॅलर्जी असते, कुणी कुत्र्याला घाबरतं, तुम्हाला पार्सल देतो, नाहीतर बाहेरच्या टेबलावर बसा. आम्ही निघालो. घरी जाऊन पिठलं-भात.

अशा वेळी कायदा काय म्हणतो ते दुकानदाराने आणि गिऱ्हाइकाने, दोघांनीही पाठ करून ठेवावं. ‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्ट’, थोडक्यात एडीए, १९९० चा. त्याचे सर्व्हिस डॉगबद्दलचे सध्याचे नियम १५ मार्च २०११ पासून लागू आहेत. अ‍ॅलर्जी किंवा भीती ही प्रवेश नाकारायची कारणं नव्हेत. दोन गिऱ्हाइकांना लांब लांब बसवा, प्रश्न मिटला. गावच्या आरोग्य खात्याचा नियम कुत्र्याला मनाई करत असला तरी या कायद्यापुढे तो चालत नाही. जेवायच्या दालनात कुत्रा येऊ शकतो, बुफेच्या रांगेतही. स्वयंपाकघरात नाही. त्याची जागा टेबलाखाली, जमिनीवर. खुर्चीवर बसवून ताटातलं भरवायला लागलात तर मालकाने हरकत घ्यावी, त्याचं बरोबर आहे. हॉटेलवाल्याने कुत्र्यासाठी जादा पैसे किंवा डिपॉझिट मागायचं नाही, ‘पाळीव प्राण्यांच्या खोल्या तिकडे’ म्हणून कोपऱ्यातली खोली गळ्यात मारायची नाही. मात्र कुत्र्याने खोलीची नासधूस केली, तर इतरांकडून घेतो तशी भरपाई तो घेऊ शकतो. मोटेलच्या धंद्यातल्या आपल्या मित्रांनी एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.

त्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या मी फोनवर बोलून सगळं नोंदवून ठेवलं. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, शक्य तितकं त्यांच्याच शब्दांत. दुसऱ्या दिवशी मालकांना नियमांसकट ईमेल केलं. उत्तर नाही. मग राज्याच्या ‘डिव्हिजन ऑन सिव्हिल राइट्स’कडे तक्रार. न्यू जर्सीत ती घटनेपासून १८० दिवसांत करावी लागते. लोक इथेच मार खातात. आधी राग, मग आळस, मग ‘जाऊ दे’, आणि तोवर मुदत टळते. माझ्या बाबतीत समझोता झाला. रेस्टॉरंटने लेखी धोरण केलं, नोकरांना शिकवलं, दारावर पाटी लावली. पैसे मी मागितले नव्हते, पण हवे असतील त्यांनी एक जाणून घ्यावं. एडीए या केंद्रीय कायद्याखाली तुम्ही स्वतः खटला भरलात तर कोर्ट दुकानदाराला वागणूक सुधारायला लावतं, वकिलाची फी देववतं, नुकसानभरपाई देववत नाही. ती मिळण्याची सोय न्यू जर्सीच्या राज्य कायद्यात आहे. दुसऱ्या राज्यात राहत असाल तर तिथला कायदा बघा. पोलिसांना बोलवावं का? मी बोलावलं नाही. दारावरच्या शिपायाला हा कायदा माहीत असेलच असं नाही, आणि दिवस तर गेलेलाच असतो.

टॅक्सीची तऱ्हा निराळी. तिथे दारात कुणी अडवत नाही, गाडी लांबूनच कुत्रा बघून निघून जाते आणि फोनवर ‘राइड कॅन्सल्ड’ ऐकू येतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या भागातल्या लिसा आयर्विंग या अंध बाईंना उबरच्या ड्रायव्हरांनी १४ वेळा नाकारलं, वाटेत सोडलं किंवा त्रास दिला. २०२१ साली लवादाने उबरला त्यांना ११ लाख डॉलर द्यायला लावले, त्यातला बराचसा भाग वकिलांच्या फीचा. त्यांच्याकडे प्रत्येक फेरीची नोंद होती म्हणून हे झालं. कॅन्सल झालेल्या राइडचा स्क्रीनशॉट तेवढ्यात काढून ठेवा. कुत्रा आहे हे आधी कळवायला तुम्ही बांधील नाही.

आता दुसरी बाजू. ती मला जास्त सलते.

एका मोठ्या दुकानात मर्फी आणि मी दुधाच्या कपाटाकडे निघालो होतो. समोरून ट्रॉली आली. ट्रॉलीत छोटा कुत्रा, आणि त्याच्या अंगात ‘सर्व्हिस डॉग’ लिहिलेला लाल कोट, असं नंतर दुकानातल्या मुलीने सांगितलं. मला ऐकू आलं ते फक्त गुरगुरणं आणि मर्फीचं एकदाच केकाटणं. दांडा हातातून हिसकला. खाली बसून चाचपलं तर कानाशी ओलं, कोमट. त्या कुत्र्याची मालकीण सारखी म्हणत होती, “ही इज रजिस्टर्ड, ही इज रजिस्टर्ड.”

असं कुठलंही केंद्रीय सरकारी रजिस्टर अस्तित्वात नाही. इंटरनेटवर पैसे भरले की कोट, कार्ड, सोनेरी शिक्का मारलेलं सर्टिफिकेट घरपोच येतं, आणि कायद्याच्या लेखी त्याची किंमत शून्य. मर्फीचा कान भरून आला, पण नंतर लहान कुत्रा दिसला की तो मला घेऊन बाजूला सरकायला लागला, एकदा तर फूटपाथवरून खाली. संस्थेचा प्रशिक्षक घरी आला, पुन्हा सराव करून घेतला, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. काही कुत्र्यांना एका चाव्यानंतर कायमचं निवृत्त करावं लागतं.

असले कोट आपल्या ओळखीपाळखीतही घेतले जातात. ‘अहो, सुट्टीत हॉटेलात चालतो ना त्याने.’ कागदावर शिक्का असला की खरं, ही सवय आपण तलाठी कार्यालयापासून अंगी बाणवलेली आहे, आणि इथले कोटविके त्याच सवयीवर जगतात. ज्या दुकानदाराने माझ्याकडे कागद मागितला, तोच या कोटाला मान डोलावून आत घेतो. फ्लोरिडा, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत पाळीव कुत्रा सर्व्हिस डॉग म्हणून खपवणं हा गुन्हा आहे. नुसत्या सहवासाने धीर देणारा कुत्रा एडीएत बसत नाही. घर भाड्याने घेताना त्याला सवलत मागता येते, तो कायदा वेगळा. मात्र घबराटीचा झटका ओळखून ठरलेलं काम करायला शिकवलेला कुत्रा सर्व्हिस डॉगच. म्हणजे बघायचं ते काम आणि वागणं. कुत्रा आवरत नसेल आणि मालक त्याला आवरण्यासाठी काही करत नसेल, किंवा त्याने आतच घाण केली, तर दुकानदार त्याला बाहेर काढू शकतो, अगदी खरा सर्व्हिस डॉग असला तरी. माणसाला मात्र कुत्र्याशिवाय आत येऊ द्यायचं. त्या दुकानाच्या मॅनेजरला हे माहीत असतं तर ती ट्रॉली दारातूनच परत गेली असती.

कागद लागतो तो विमानात. जानेवारी २०२१ पासून विमान कंपन्या सर्व्हिस डॉगसाठी केंद्रीय वाहतूक खात्याचा फॉर्म मागू शकतात, तोही ४८ तास आधी, आणि आठ तासांवरच्या प्रवासाला शी-शूचा वेगळा फॉर्म. भारतात जाणार असाल तर आणखी एक. रेबीजच्या दृष्टीने अमेरिका भारताला जास्त धोक्याचा देश मानते, त्यामुळे ऑगस्ट २०२४ पासून परतताना कुत्र्याचं अमेरिकेतल्या लसीकरणाचं सरकारी शिक्क्याचं प्रमाणपत्र लागतं. ते निघण्याआधी इथेच करून घ्यावं लागतं. मुंबईला पोचल्यावर आठवलं तर उपयोग नाही.

राहता राहिली देवळं. धार्मिक संस्थांना एडीए लागू नाही, तेव्हा देवळाने मर्फीला नाही म्हटलं तर या कायद्याने मला भांडता येत नाही. मी ज्या देवळात जातो तिथे विश्वस्तांशी आधी बोललो, ते मर्फीला सभामंडपात बसू देतात, गाभाऱ्याजवळ नाही. मला चालतं. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्रे पायाशी असतात हा मुद्दा मी काढून बघितला, पुजारीबुवा हसले, नियम तोच राहिला. पण शाळेचं सभागृह घेऊन तिकीट लावलेला नाटकाचा प्रयोग हे देऊळ नव्हे. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी तिथे मर्फीची जागा रांगेच्या टोकाला ठेवावी, आणि मध्यंतरात त्याला बटाटेवडा देऊ नये, हाक मारू नये, कुरवाळू नये. तो कामावर असतो.

रेस्टॉरंट, मोटेल, दुकान, दवाखाना चालवणाऱ्यांना एक विनंती. असं गिऱ्हाईक दारात येण्याची वाट न बघता केंद्रीय न्याय खात्याच्या एडीए हेल्पलाइनला एकदा फोन करा. नंबर ८००-५१४-०३०१. फोन फुकट असतो, तुमचं नाव कुणाला कळवलं जात नाही, आणि काऊंटरवरच्या पोराने काय बोलायचं ते तिथला माणूस समजावून सांगतो.