नेमका शब्द

पुष्कळ बंधुभगिनींस असें वाटतें कीं, शब्दसंपत्ति ही मास्तरांची व वकिलांची गोष्ट आहे. शेतांत व चुलीपाशीं चार शब्दांवर भागतें. हा समज किती घातक आहे, हें आज आपण एका नित्याच्या उदाहरणावरून पाहूं.

१. दवाखान्याच्या दारांत

एखादी आई दूरच्या वाडीवरून आजारी मुलाला घेऊन दवाखान्यांत येते. डॉक्टर विचारतात, "काय होतंय, बाई?" ती म्हणते, "पोट दुखतंय त्याचं." "कसं दुखतं?" "लई दुखतं." येथेंच बोलणें खुंटतें. डॉक्टरांस हात लावून व तपासून पुष्कळ कळतें हें खरें. परंतु दुखणें आंतून कसें वाटतें हें ज्याचें त्यालाच ठाऊक, आणि तें बाहेर आणण्यास शब्दासारखें साधन नाहीं.

आतां पाहा, आपल्या मायबोलीनें या कामीं किती दिलें आहे. पोटांत मुरडा येतो, छातींत जळजळतें, पिकलेलें गळूं ठणकतें, जखम ठसठसते, बरगडींत चमक निघते, वांकून काम केल्यानें पाठीला रग लागते, अवचित हिसका बसला म्हणजे उसण भरते, डोळ्यांत कण गेला तर खुपतें, अवघडलेल्या पायाला मुंग्या येतात. हीं सर्व "दुखणें" या एकाच गोणींत भरलीं, तर निवडणाऱ्यानें निवडावें कसें? "आधीं बेंबीभोंवतीं दुखत होतें, मग कळ उजवीकडे खालीं सरकली," एवढें आईनें सांगितलें, तर डॉक्टर आंत्रपुच्छाच्या विकाराचा संशय लागलाच घेतात. "छातीवर ओझें ठेवल्यासारखें दडपण येतें," असें म्हटलें, तर हृदयाची तपासणी आधीं होते. "कसेंसेंच होतें," असें म्हटलें, तर मोलाचा वेळ जातो. शब्दाच्या उणिवेची किंमत अशी कधीं कधीं प्राणानें द्यावी लागते.

२. हे शब्द कोठून आणावे?

कोणी म्हणेल, "आम्ही शिकलों नाहीं." पण वरील शब्दांत पुस्तकी असा एक तरी आहे काय? ते आपल्या आजीचे आहेत. उपदेशकानें "उदरशूल" म्हटल्यानें कोणाचें हित होत नाहीं. "मुरडा" म्हटल्यानें होतें. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी कोश १८३१ सालीं मुंबईस प्रसिद्ध झाला, व १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तींत सुमारें साठ हजार शब्द आले. त्यांत पंडितांच्या शब्दांशेजारीं शेतकऱ्यांचे व कारागिरांचे शब्दही मानानें बसले आहेत. लक्ष्मीबाई टिळकांचें रीतसर शालेय शिक्षण झालें नव्हतें. तरी १९३४ पासून भागशः निघालेलें त्यांचें "स्मृतिचित्रें" हें पुस्तक घरगुती बोलीच्या बळावर मराठींत अढळ झालें. उणीव शब्दांची नाहीं, वापराची आहे.

३. घरांत व मंडळींत

हाच नियम दोष दाखवितांना पाळावा. मुलानें मडकें फोडलें तरी "वाईट", खोटें बोललें तरी "वाईट", असें म्हटल्यानें त्यास आपलें काय चुकलें हें कळत नाहीं. एक मूल धांदरट असतें, दुसरें विसराळू, तिसरें हट्टी, चौथें लबाड. धांदरटास सावकाशी शिकवावी लागते, लबाडास सत्य. धांदरटास लबाड म्हणणें हा अन्याय होय. मोठ्यांच्या भांडणांतही असेंच घडतें. "तुम्हीं मला फसविलें," आणि "तुम्हीं मला वेळेवर कळविलें नाहीं," यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. पहिल्या वाक्यानें वैर वाढतें, दुसऱ्यानें हिशेब मिटतो. जोरकस बोलणें म्हणजे कठोर बोलणें नव्हे. नेमकें बोलणें हेंच जोरकस होय.

४. सवय कशी लावावी?

वडील माणसांस जुने शब्द विचारावे व रोज एक तरी वापरावा. आजाऱ्याच्या भेटीस गेल्यावर चार गोष्टी विचाराव्या: कोठें दुखतें, केव्हांपासून, कसें, आणि कशानें वाढतें वा उतरतें. ज्यास दवाखान्यांत बोलतां येत नाहीं, त्याच्याबरोबर जाऊन त्याचेंच म्हणणें नीट सांगावें. आपलें त्यांत घालूं नये.

प्रश्न

१. "ठणका" व "चमक" यांत भेद काय?
२. गेल्या आठवड्यांत आपण कोणास "वाईट" म्हटलें? नेमका शब्द कोणता होता?
३. आपल्या गांवीं दुखण्याचे आणखी कोणते शब्द चालतात? ते लिहून आणा.